विलायती बंबाचा दांडा

चालू असलेल्या वस्तूला हात लावू नये असे जयवंताबाईंचे मत होते, आणि लिहून ठेवलेली सूचना पाळलीच पाहिजे असे त्यांचे यजमान उत्तमराव यांचे. इतकी वर्षे ही दोन मते एका छपराखाली गुण्यागोविंदाने नांदली, कारण घरातल्या कुठल्याही वस्तूवर काही लिहिलेलेच नव्हते. मग अमरावतीच्या त्या घरात विलायती बंब आला. त्याच्या पोटावर पितळेची पाटी होती आणि पाटीवर इंग्रजी मजकूर होता.

उत्तमराव कचेरीत परवान्यांच्या टेबलाचे कारकून होते. लढाई सुरू झाल्यापासून लोखंड म्हणू नका, जस्त म्हणू नका, काहीही विकत घ्यायचे तर परवाना लागे, आणि परवान्याचा अर्ज आधी उत्तमरावांच्या नजरेखालून जाई. त्यांच्या वडिलांची हयात वांगी आणि मेथी पिकवण्यात गेली होती. कचेरीच्या खुर्चीवर बसणारा घराण्यातला पहिला पुरुष म्हणजे उत्तमराव, त्यामुळे डोक्यावरची टोपीसुद्धा ते सरकारने सांभाळायला दिल्यासारखी वागवत. लाच त्यांनी कधी घेतली नाही, ओळखीपाळखीवर काम कधी केले नाही आणि कोणाचा कागद उगाच अडवून कधी ठेवला नाही. या तिसऱ्या गोष्टीचा त्यांना विशेष अभिमान होता.

बंब त्यांनी चैनीसाठी घेतलेला नव्हता. गेल्या माघात त्यांच्या एकुलत्या एका मुलीचे, वच्छलेचे लग्न झाले. जावई देवीदास अकोल्याच्या जठारपेठेतला, फुलांचा धंदा, मुलगा गरीब स्वभावाचा. लग्न उत्तम झाले म्हणायचे, एक गोष्ट सोडून. जानवशावर पाठवलेली लाकडे ओली निघाली. ती पेटता पेटेनात, आणि माघाच्या थंडीत साऱ्या वऱ्हाडाला गार पाण्याने आंघोळी कराव्या लागल्या. व्याही भगवंतराव गुडघ्यांच्या दुखण्याने आधीच बेजार. ते कुडकुडत भर मांडवात आले आणि चार माणसांसमोर म्हणाले, "उत्तमराव, पोरगी देल्ली, मानपान केला, समदं भेटलं. पन पानी तं तपवाचं होतं!"

तेव्हापासून वच्छला माहेरी आली नव्हती. आखाडी गेली, राखी गेली, पोळा गेला. बोलावणे धाडले की जठारपेठेतून एकच उत्तर येई, "तुमच्याइथं पानी थंडं राह्यते. पोरगी बिमार पडन." पोळ्याला जयवंताबाईंनी एक ताट जास्तीचे वाढले आणि मग पदर डोळ्याला लावून ते उचलून ठेवले. उत्तमराव रडले नाहीत; ते कचेरीतले गृहस्थ होते. पण संध्याकाळी घरी आल्यावर ते सवयीने टोपी काढून हात पुढे करीत, "वच्छे, टोपी" म्हणत, आणि टोपी घ्यायला कोणी येत नसे. मग ती टोपी ते स्वतःच खुंटीला लावत.

अशात परतवाड्याला एका साहेबाच्या सामानाचा लिलाव निघाला. धारणीकडच्या जंगलात राहणारा हा साहेब लढाईवर गेला होता आणि मागे त्याचा बंब राहिला होता. बंब म्हणजे आपला नेहमीचा तांब्याचा नव्हे. उभी लोखंडी टाकी, खाली जाळ करायचा आणि तोटी थेट न्हाणीघरात. जुन्या सामानाला परवाना लागत नव्हता, म्हणून उत्तमरावांनी तो घेतला, मोटारलॉरीने आणवला, न्हाणीमागे चुलाणावर बसवला आणि अकोल्याला निरोप धाडला की आता आमच्या घरी गरम पाणी तोटीने येते.

जठारपेठेतून उत्तर आले. दिवाळसणाला जावई येतील, सूनबाई येतील, आणि पाणी पाहायला खुद्द भगवंतराव येतील. "आंग धुवाचं जमलं," असा त्यांचा निरोप होता, "तं सूनबाईले कार्तिक पुनवेलोक ठिवतो. नाई जमलं, तं भाऊबीज झाली का वापस."

आता बंब उत्तम चालला होता. आल्या दिवसापासून त्याने बिनतक्रार पाणी तापवले होते. पण दिवाळी तोंडावर आली तशी उत्तमरावांनी ती पितळी पाटी चिंच लावून घासली, चष्मा चढवला आणि मजकूर वाचला. आतला दांडा दर वर्षी काढून पाहावा, झिजला असल्यास बदलावा, असे तिथे स्पष्ट लिहिले होते.

"चालू हाये ना तो?" जयवंताबाई म्हणाल्या.

"हाये."

"मंग कावून खोलता?"

"लिव्हलं हाये," उत्तमराव म्हणाले.

बंबाच्या डोक्यावरची चाकी काही केल्या हलेना. खोबरेल ओतून झाले, मुसळ लावून झाले, आणि उत्तमराव एकदा टाकीला मिठी मारून लोंबकळलेसुद्धा. त्यांनी धोतर खोचलेले असताना शेजारच्या गंगूबाईंनी नेमके कुंपणावरून पाहिले, हे त्यांना पुढे बरेच दिवस लागून राहिले. अखेर चाकी करकरली आणि सुटली. तिच्याखाली लोंबत असलेला दांडा बाहेर आला. दांडा कसला, मनगटाएवढे काहीतरी असणार त्याची कुरतडलेली, भोकाभोकांची एक काडी उरली होती.

जयवंताबाईंनी ती काडी हातात घेऊन वरखाली पाहिली. "अवं माय! हे कोनं खाल्लं?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायला केशवराव आले. केशवराव पलीकडच्या घरात राहत आणि बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर होते. धारणीच्या रस्त्यावर त्यांनी बांधलेली मोरी पहिल्याच पुरात वाहून गेली होती. परंतु त्यांचे आजही म्हणणे होते की मोरी बरोबर होती, पूर चुकीच्या बाजूने आला. त्यांनी दांडा नखाने खरवडला.

"जस्त हाये," ते म्हणाले. "असं हाये उत्तमराव, पानी लोखंडाले खाते. म्हून त्याच्यासमोर आधी जस्त ठिवाचं. पानी जस्त खात बसते आन् टाकी वाचते. हा मरते म्हून ते जगते."

"म्हंजे दुसऱ्यापायी मरते?" जयवंताबाईंनी विचारले आणि का कोण जाणे, नवऱ्याकडे पाहिले.

उत्तमरावांना त्या काडीविषयी एकदम जिव्हाळा वाटू लागला. बदलली पाहिजे हे ठरलेच. नवा जस्ताचा दांडा घ्यायचा तर परवाना हवा, आणि परवाना म्हणजे त्यांचेच टेबल. दुसरा कोणी असता तर त्याला हायसे वाटले असते. उत्तमरावांना घाम फुटला.

त्यांनी रीतसर अर्ज लिहिला आणि रीतसर स्वतःच्या टेबलावर ठेवला. त्यात एक रकाना होता, मागितलेल्या धातूचा युद्धकार्याशी संबंध. अर्जदार उत्तमरावांनी तिथे लिहिले, "जावयाचे स्नान." कारकून उत्तमरावांनी शेरा मारला, "संबंध स्पष्ट होत नाही. खुलासा व्हावा." अर्जदाराने खुलासा केला की जावई फुलांचे व्यापारी असून युद्धफंडाच्या सभेला हार त्यांच्याच दुकानातून गेले होते. त्यावर कारकुनाने विचारले की हार फुकट दिले होते की विकत. हा प्रश्न अर्जदाराच्या मनाला लागला. आपल्या जावयाच्या दानतीवर असा संशय घेणारा माणूस कचेरीत बसतोच कसा, असे त्यांना वाटले. पण प्रश्न नियमाला धरून होता, त्यामुळे अर्ज परत आला.

"आजकाल कचेरीत लय अडवून राह्यले लोकाले," घरी आल्यावर ते जयवंताबाईंना म्हणाले.

"कोन अडवून राह्यलं?"

उत्तमरावांनी टोपी खुंटीला लावली आणि विषय बदलला.

इकडे वस्तीत त्या दांड्याची चर्चा सुरू झाली होती. दांडा पाण्याने खाल्ला हे ठीक, पण ते पाणी गेले कुठे? घरातल्यांच्या अंगावर. समोरचे रामराव वैद्य ही हकीकत ऐकून जागचे उठले. "जस्त म्हंजे जसदभस्म!" ते म्हणाले. "मी खलात घोटून घोटून थकलो, आन् या मानसाच्या न्हानीत तोटीनं वाहून राह्यलं!" बंब आल्यापासून उत्तमरावांची तब्येत जरा भरली होती हे सगळ्यांनाच आठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी गंगूबाई तांब्या घेऊन दारात उभ्या. त्यांच्यामागे आणखी तांबे, एक बादली आणि एक घंगाळ. गंगूबाईंनी त्या पाण्याने डोळे धुतले आणि आपल्याला आता सुईत दोरा ओवता येतो असे सांगितले. तो दोरा ओवताना कोणी पाहिला नाही, पण रांग वाढली. उत्तमराव स्वतः त्या सकाळी विहिरीवर गार पाण्याने आंघोळ करून कचेरीत गेले.

जस्त मिळेना आणि दिवस सरत चालले, तेव्हा केशवरावांनीच तोड काढली. तांब्याचा दांडा घालायचा. घरचे फुटके भांडे वितळवले तर परवान्याचा संबंध येत नाही. चंद्रभान तांबट बोलावला गेला. त्यालाही हे पटले. "मी तं म्हनतो जस्त पाह्यजेच कायले?" तो म्हणाला. "हलकी धातू. जवायाच्या आंग धुन्याले तांबं पाह्यजे. देवाच्या पूजेले तांबं, संध्येच्या पळीले तांबं, आन् जवायाले जस्त?"

"पन टाकीचं काय होईन?" उत्तमरावांनी शंका काढली.

"उत्तमराव, डोकं लावा जरा," केशवराव म्हणाले. "जस्त नरम, म्हून पान्यानं खाल्लं. तांबं पानी खाऊच शकत नाई. दांडाच मरत नाई म्हनल्यावर टाकी कशी मरन? दोघंबी जगतात!"

पाटीवर तांब्याबद्दल काही लिहिलेले नव्हते, आणि मनाईही नव्हती. जयवंताबाईंनी माळ्यावरून त्यांच्या माहेरचे चेपलेले घंगाळ काढून आणले. ते त्यांच्या आईने दिलेले होते. त्या क्षणभर त्याच्या काठावरून हात फिरवत उभ्या राहिल्या. "वच्छी राहत असन तं घ्या," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. चंद्रभानने दांडा ओतला, लखलखीत घासला, टाकीत सोडला, आणि चाकी नीट बसेना म्हणून वरून घणाचे असे ठोके घातले की चुलाणाच्या विटा हादरल्या. या ठोक्यांनी टाकीच्या आत काय झाले असेल याचा विचार कोणाच्याच मनात आला नाही.

धनत्रयोदशीला बडनेऱ्याच्या स्टेशनावर गाडी आली. वच्छला खाली उतरली आणि आईच्या गळ्यात पडली. उत्तमरावांनी तिच्याकडे पाहिले आणि घसा साफ करून जावयाला विचारले की गाडीला गर्दी होती का. मागून काठी टेकत भगवंतराव उतरले. त्यांनी रामराम केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पानी तपते का?"

नरकचतुर्दशीची पहाट. अंगणात पाट, रांगोळी, तेल, उटणे. मान जावयाचा, पण भगवंतरावांनी हात आडवा केला. "देवीदास, तू थांब. आधी मी पाह्यतो. मांगच्या बारीले मीच फसलो होतो." ते पांढरेशुभ्र धोतर नेसून, तेल लावून न्हाणीत गेले. दाराबाहेर उत्तमराव, जयवंताबाई, केशवराव आणि तांब्यासकट रामराव वैद्य उभे होते. तोटी फिरल्याचा आवाज आला, मग वाफ आली, आणि आतून समाधानाचा एक लांब हुंकार आला. उत्तमरावांनी डोळे मिटले.

मग तोटी एकदम बंद झाली. दार उघडले. भगवंतराव उभे होते आणि शेंडीपासून पायापर्यंत गेरूने सारवल्यासारखे लाल झाले होते. धोतर लाल, भुवया लाल, पांढऱ्या मिशा लाल. घणाच्या ठोक्यांनी टाकीच्या आतला वर्षानुवर्षांचा गंज सुटला होता आणि तो सगळा पाण्याबरोबर व्याह्यांवर उतरला होता.

"उत्तमराव," भगवंतराव फार हळू म्हणाले, "मांगच्या बारीले थंडं होतं. पन पानी होतं."

वच्छलेने आईचा हात घट्ट धरला. सारी कचेरी, सारी अब्रू त्या लाल धोतरातून ठिबकून मोरीकडे चालली आहे असे उत्तमरावांना वाटले. त्यांनी टोपी काढून व्याह्यांच्या पायावर ठेवायची म्हणून डोक्याकडे हात नेला, तर टोपी खुंटीवरच राहिली होती.

तेवढ्यात रामराव वैद्य पुढे आले. त्यांनी भगवंतरावांच्या खांद्यावरचा लाल थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला आणि दोन्ही हात जोडले. "मंडूर!" ते म्हणाले. "लोखंडाचा जुना गंज. भगवंतराव, याले आमी मंडूर म्हनतो. रक्त वाढवते, सांधे मोकळे करते. आन् तेबी तांब्याच्या संगतीत गरम झालेलं! राजेमहाराजाले भेटत नाई हे. तुमचे गुडघे दुखतात ना?"

भगवंतरावांनी पाय उचलून पाहिला. मग दुसरा उचलून पाहिला. गरम पाण्याने बरे वाटले होते हे तर खरेच होते. "दुखतात," ते म्हणाले. "पन आता कमी दुखून राह्यले." ते मागे वळले, न्हाणीत शिरले आणि त्यांनी तोटी पुन्हा उघडली. जावयाच्या वाट्याला दिवाळीची पहिली आंघोळ आली तेव्हा सूर्य वर आला होता आणि पाणी कोमट झाले होते. तो गरीब स्वभावाचा असल्यामुळे त्याने तेवढ्यातच आंघोळ उरकली.

वच्छला राहिली. पण वैद्यांनी सांगितले की मंडूरस्नान महिनाभर घेतल्याशिवाय गुण येत नाही, म्हणून भगवंतरावही राहिले. जावई एकटा अकोल्याला परतला. आता पहाटे जाळ करायचा उत्तमरावांनी, लाकडे फोडायची उत्तमरावांनी, विहिरीचे पाणी टाकीत भरायचे उत्तमरावांनी. व्याह्यांची आंघोळ दोन घटका चाले, मग दूध, मग शेवग्याच्या शेंगा, मग बैठकीत केशवरावांबरोबर पानसुपारी आणि लढाईची चर्चा. भगवंतरावांचे गाल वर आले, काठी कोपऱ्यात पडली. उत्तमरावांच्या कोटाच्या बाह्या मात्र लोंबू लागल्या. तरी संध्याकाळी ते दारात पोचत, टोपी काढत, आणि "वच्छे" म्हणायच्या आत टोपी हातातून घेतली जाई. या एका क्षणासाठी ते दिवसभराच्या लाकडांचा हिशोब माफ करत होते.

"बाबा, तुमी लय वाळले," एकदा वच्छला म्हणाली.

"तुह्या सासऱ्याची तब्येत पाय," ते म्हणाले. "मी बरा हावो."

कार्तिकी पौर्णिमा जवळ आली. एका सकाळी भगवंतराव अंगाला तेल लावून तोटीपाशी बसले होते, आणि मागे चुलाणावर धप्प असा आवाज झाला. टाकीचे बूड सुटून जाळात पडले होते. पाणी विस्तवावर, विस्तव पाण्यात, आणि उत्तमराव राखेने माखून मध्ये उभे. धूर निवळल्यावर पाहिले तर टाकीची चाळणी झाली होती. तिच्या वरच्या अर्ध्या भागातून तांब्याचा दांडा लोंबत होता, पहिल्या दिवशी होता तसाच लखलखीत. त्याचा कणही झिजला नव्हता.

"या बारीले दांड्यानं टाकीलेच खाल्लं म्हना," जयवंताबाई म्हणाल्या. मग त्यांनी तेल लावून उभ्या असलेल्या टुणटुणीत व्याह्यांकडे पाहिले, आणि मग राखेतल्या नवऱ्याकडे पाहिले.

केशवराव म्हणाले की दांडा बरोबर होता, टाकी चुकीच्या दर्जाची निघाली.

भगवंतराव फार हळहळले. दुपारच्या गाडीने निघताना त्यांनी उत्तमरावांचे दोन्ही हात हातात घेतले. "इवाईबुवा, मांडवात बोललो ते इसरून जा. असं पानी उभ्या वऱ्हाडात नाई. नवी टाकी बसवा. बसली का मले कळवा. मी महिनाभर राहाले येतो, आन् जाताना सूनबाईले संगं घेऊन जातो. तवरी तिले इथंच ठिवा. लग्न झालेली पोरगी घरी बसली म्हनल्यावर तुमी टाकी लवकर आनान, मले मालूम हाये."

टांगा बडनेऱ्याच्या रस्त्याला लागला. उत्तमराव कोट झटकून कचेरीत गेले, आणि टाकी फुटली तर परवाना मागितलाच पाहिजे, म्हणून त्यांनी लोखंडी टाकीसाठी रीतसर अर्ज केला. यावेळी अर्जात खोट काढण्यासारखे काही नव्हते. युद्धकार्याच्या रकान्यात त्यांनी सरकारी नोकराच्या स्वच्छतेचा मुद्दा असा मांडला होता की कचेरीतल्या साहेबांनी वाचूनच मान डोलावली आणि मंजुरीची सही केली. आठवड्याच्या आत कागद परत त्यांच्या टेबलावर आला. आता फक्त कारकुनाची सही आणि शिक्का राहिला होता.

उत्तमरावांनी कागद दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणाचा कागद उगाच अडवला नव्हता. त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि समासात सुवाच्य अक्षरात लिहिले, "अर्जदाराने न्हाणीघराचा नकाशा जोडलेला नाही. पूर्तता होऊन पुन्हा सादर व्हावा." शाई वाळू दिली. मग अर्ज अर्जदाराच्या, म्हणजे आपल्याच, कोटाच्या खिशात घातला आणि ते घरी निघाले. नकाशा काढायचे काम त्यांनी केशवरावांकडे सोपवायचे ठरवले होते.

दारात पोचून त्यांनी टोपी काढली आणि हात पुढे केला.